बर्फ आत की बाहेर?

तिघं जण, 300 रुपये, सात गाड्या आणि एक जुनी कावीळ. यवतमाळच्या उन्हाळी रात्रीचा हा चविष्ट हिशोब.

मे महिन्यात यवतमाळात दुपारी दोन वाजता रस्त्यावर कोण असतं? एटीएमचा वॉचमन, रसवंतीवरचे काका आणि उन्हाळी परीक्षेचा पेपर द्यायला निघालेला बिचारा विद्यार्थी. बाकी सगळं शहर कूलरसमोर. पारा 44 च्या आसपास, तोंडाला दुपट्टा, खिशात कांदा. 'आपण अकोल्यापेक्षा जरा थंड' असं म्हणायची इथल्या जुन्या लोकांना सवय आहे. आपलं गाव उंचावर आहे, हे खरंच. पण मेमधल्या दुपारी हे वाक्य कोणी बोललं तर त्याला उन्हात उभं करावंसं वाटतं.

मग सूर्य मावळतो. डांबर अजून तापलेलंच असतं, पण साडेआठच्या सुमारास शटरबंद वाटणारं शहर अचानक जागं होतं. दत्त चौक, आझाद मैदानाचा परिसर, आर्णी रोड. जिथे बघावं तिथे एलईडीची माळ लावलेली हातगाडी, घुंगरांचा आवाज, बर्फ किसल्याची खरखर. स्कुटीवर तीन पिढ्या बसवून आलेली कुटुंबं, हॉस्टेलची पोरं, क्लासमधून सुटलेल्या मुली. इंदूरचा सराफा दिवसा दागिन्यांचा आणि रात्री खवय्यांचा. मुंबईचा मोहम्मद अली रोड रमजानच्या रात्री मालपुवा आणि फिरनीचा. आमच्याकडे तसा नावाजलेला बाजार नाही. आमच्याकडे उन्हाळा आहे, आणि तोच बाजार भरवतो.

पण एक अडचण होती

अडचण म्हणजे मी. मागच्या उन्हाळ्यात मला कावीळ झाली. डोळे पिवळे, जिभेची चव गेलेली, महिनाभर उकडलेलं अन्न आणि एक पेपर बुडाला तो वेगळाच. डॉक्टरांनी सांगितलं, हिपॅटायटिस ए. दूषित पाण्यातून, अन्नातून होतो. आईनं लगेच निकाल दिला, "गाडीवरचंच काहीतरी प्यायली असशील." तेव्हापासून आमच्या घरात 'गाडी' हा शब्द 'पाप' या शब्दाच्या शेजारी जाऊन बसला.

गंमत पुढे आहे. हा विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत 15 ते 50 दिवस जातात. म्हणजे डोळे पिवळे झाले तेव्हा मी महिनाभर आधी कुठे काय प्यायले, ते आठवायला हवं होतं. आठवतंय कोणाला? त्या महिन्यात मी कॉलेजचं पाणी प्यायले, दोन लग्नांत जेवले, बसस्टँडवर लस्सी घेतली, मैत्रिणीकडे पाणीपुरी खाल्ली. दोषी कोण, हे कधीच कळलं नाही. कधी कळणारही नाही. आणि दोषी सापडत नाही तेव्हा काय होतं? सगळ्याच गाड्या संशयित होतात. जो काका स्वच्छ काम करतो तोही, आणि जो करत नाही तोही.

वर्षभर मी एकही ग्लास घेतला नाही. मग पेपरात इंटर्नशिप लागली, आणि बैठकीत विषय निघाला, 'उन्हाळी रात्रीचं खाणंपिणं'. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी 'हो' म्हणून बसले.

सोबत दोन जण घेतले. एक पुसदची, माझी रूममेट. दुसरा वणीचा, ज्याचं म्हणणं असं की कोळशाच्या खाणीशेजारी वाढलेल्या माणसाला यवतमाळचा उन्हाळा म्हणजे हनिमून. नियम तीन ठरले. प्रत्येकी 100 रुपये, त्यापेक्षा जास्त नाही. एक पदार्थ घ्यायचा, तिघांनी चाखायचा. आणि प्रत्येक गाडीवर मी एक प्रश्न विचारणार: पाणी कुठलं, बर्फ कुठला?

"तू रिपोर्टर आहेस की फूड इन्स्पेक्टर?" वणीचा म्हणाला. मी म्हटलं, "पेशंट आहे."

थांबा पहिला: उसाचा रस, 20 रुपये

सुरुवात रसापासूनच करायची, यावर एकमत होतं. चरकाला बांधलेले घुंगरू लांबूनच ऐकू येतात. पूर्वी चरक बैल ओढायचे, त्या काळातली ही खूण. आता मोटर आहे, पण घुंगरू कोणी काढले नाहीत. रसवंतीचं नाव कानिफनाथ किंवा नवनाथ का असतं, याचंही एक कारण सांगतात. या धंद्यात पुरंदर तालुक्यातली माणसं पूर्वीपासून आहेत आणि तिथल्या बोपगावाजवळ कानिफनाथांचं देऊळ आहे. आपल्या जिल्ह्यात ऊस म्हटलं की उमरखेड-पुसदचा पट्टा आणि पोफळीचा कारखाना. त्यामुळे पुसदची लगेच मालकिणीच्या थाटात उभी राहिली.

"काका, बिना बर्फाचा द्या," मी म्हणाले.

"बिना बर्फाचा? बिमार आहेस का व माय?"

"होते. मागच्या वर्षी."

"मंग बरोबर आहे. थांब, ओल्या पोत्याखालचा ऊस घेतो. थो थंडा रायते."

बर्फाशिवायचा रस आयुष्यात पहिल्यांदा प्यायले आणि एक शोध लागला. त्याला चव असते! बर्फ घातला की गोडवा सौम्य होतो आणि आलं-लिंबू मागे पडतं. शिवाय ग्लासात निम्मा बर्फ असला की रसही निम्माच. काका ऊस धुवून घेत होते, पण चरकाच्या खालचा ट्रे बघून मी पुढे काही विचारलं नाही. त्या ट्रेवर एक माशी आरामात फिरत होती. काकांनी फडकं फिरवलं. ती उडाली आणि परत आली. तिचाही उन्हाळाच.

थांबा दुसरा: गोटी सोडा, 20 रुपये

गोटी सोड्याची बाटली हा माझ्या मते जगातला सगळ्यात भारी पॅकेजिंगचा नमुना. हायरम कॉड नावाच्या इंग्रज माणसानं 1872 मध्ये तिचं पेटंट घेतलं. झाकण नाही, बूच नाही. आतल्या गॅसच्या दाबानं काचेची गोटीच बाटलीच्या तोंडाशी घट्ट बसते. अंगठ्यानं दाबली की 'टॉक' आणि मग 'फस्स'. त्या आवाजासाठी निम्मे पैसे.

इथे मी एक धडा शिकले. भाऊंनी गोटी फोडून सोडा ग्लासात ओतायला घेतला. तो ग्लास एका बादलीतून आला होता. त्या बादलीत संध्याकाळपासून सगळ्या गिऱ्हाइकांचे ग्लास बुचकळले जात होते. बाटली बंद आणि सोडा ठीक, पण ग्लासानं सगळी मेहनत वाया घालवली असती. "भाऊ, बाटलीतूनच पितो," पुसदची म्हणाली. भाऊ हसले. त्यांचं काम वाचलं. लिंबू आणि काळं मीठ थेट बाटलीत गेलं, फेस वर आला आणि वणीच्याचा शर्ट भिजला. मस्त.

थांबा तिसरा: मठ्ठा, 15 रुपये

मठ्ठा म्हणजे विदर्भातल्या लग्नाच्या पंगतीतला हक्काचा माणूस. जिलेबीशेजारी तो नसेल तर वऱ्हाडी मंडळी नाराज होतात. हिंग, जिरं, कोथिंबीर, थोडं आलं. चव उत्तम होती, पण मठ्ठ्यात दह्यापेक्षा पाणी जास्त असतं, म्हणून प्रश्न विचारला. उत्तर आलं, "कॅनचं आहे ताई, प्युअर." हे 20 लिटरचे थंड पाण्याचे कॅन आपल्या सगळ्यांच्या ऑफिसात, क्लासमध्ये, लग्नात असतात आणि आपण त्यांना सीलबंद बाटलीच्या रांगेत बसवतो. पण कॅनचं झाकण उघडतं, लागतं, परत उघडतं. थंड म्हणजे शुद्ध, हे समीकरण कोणी शिकवलं आपल्याला? मी दोन घोट घेतले. बाकीचा दोघांनी संपवला.

थांबा चौथा: गोळा, 30 रुपये

आता खरी परीक्षा.

गोळ्याच्या गाडीसमोर सगळ्यात जास्त गर्दी होती आणि गर्दीत सगळ्यात जास्त लहान मुलं. लाल, हिरव्या, निळ्या, केशरी बाटल्यांची रांग. पोत्यात गुंडाळलेली बर्फाची लादी, तिच्यावर लाकडाचा भुसा. भाऊ लादीचा तुकडा धुऊन रंध्यावर घासतात, किस हातानं दाबून काडीवर बसवतात, वरून कालाखट्टा. बघतानाच गार वाटतं.

हा भुसा बघून मला एक गोष्ट आठवली. आपल्या देशात बर्फ आला तो जहाजानं. 1830 च्या दशकात बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या व्यापाऱ्यानं अमेरिकेतल्या गोठलेल्या तळ्यांचा बर्फ कापून, भुशात गुंडाळून आधी कलकत्त्याला आणि मग मुंबईला पाठवला. महिनोन्‌महिने समुद्रावर! 1834 मध्ये मुंबईत जमशेटजी जीजीभॉय यांनी मेजवानीत आईस्क्रीम दिलं आणि खाणाऱ्यांना सर्दी झाली, अशी बातमी 'मुंबई समाचार'मध्ये आल्याचा किस्सा सांगतात. म्हणजे थंड खाऊन आजारी पडलेल्यांवर छापून येण्याची परंपरा जुनीच आहे. मी फक्त ती पुढे चालवतेय.

भुसा तोच, पोतंही तेच. बदलला तो बर्फ. आता तो कारखान्यात बनतो आणि सगळाच खायचा नसतो. मासे ठेवायला, माल थंड ठेवायलाही बर्फ लागतो आणि त्याला पिण्याचंच पाणी वापरलं जाईल याची खात्री नसते. दोन्ही दिसायला सारखे. म्हणून 2018 मध्ये राज्याच्या अन्न व औषध प्रशासनानं नियम आणला, की खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग टाकायचा. खायचा बर्फ बिनरंगी. साधी, हुशार कल्पना. लहान मुलालाही कळेल अशी.

"भाऊ, बर्फ कुठून येतो?"

"फॅक्टरीतून. सायंकाळी लादी येते."

"खायचाच ना?"

"निया नाही नं ताई. पाह्य ना, काचेसारखा आहे."

म्हणजे नियम त्यांना माहीत होता. मला बरं वाटलं. मग मी पुढचं विचारलं, "पण बनवताना पाणी कुठलं वापरतात?"

भाऊंनी रंधा थांबवला. "आता थे मले काय मालूम? मी लादी घेतो. पानी कोन्तं, थे पाह्याले मले कोन आत जाऊ देते?"

उत्तर प्रामाणिक होतं. त्या एका वाक्यात माझ्या वर्षभराच्या रागाचा पत्ता चुकल्यासारखं वाटलं. मी गाडीवाल्यावर चिडले होते. पण गाडीवाला साखळीतला शेवटचा माणूस. पाणी कोणी दिलं, बर्फ कोणी बनवला, पोत्यात कोणी गुंडाळला, टेम्पोत कोणी टाकला, यातलं काहीच त्याच्या हातात नाही. आजारी पडलं कोणी, तर तोंड मात्र त्याचंच दिसतं.

मी माझ्या कावीळीचं सांगितलं. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग एका गिऱ्हाइकाला गोळा देत म्हणाले, "आमचं पोरगंबी हाच गोया खाते नं ताई. मी का त्याले बिमार पाडीन?"

आता सांगा, यावर काय बोलायचं? त्यांचा हेतू स्वच्छ होता. पण हेतूनं बर्फ स्वच्छ होत नाही. गोठवल्यानं सगळे जंतू मरतात, हाही आपला गैरसमज. बरेचसे नुसते थांबतात, बर्फ वितळला की पुन्हा कामाला लागतात. हिपॅटायटिस ए एकदा झाला की सहसा पुन्हा होत नाही, म्हणजे त्या परीक्षेत मी पास. पण त्याच पाण्यातून येणारा टायफॉईड आहे, हिपॅटायटिस ई आहे. परीक्षा संपत नाहीत.

गोळा मी खाल्ला नाही. कालाखट्टा होता, जिभेला पाणी सुटलं होतं, तरी नाही. पुसदचीनं माझ्याकडे बघितलं आणि तिनंही काडी खाली धरली. वणीच्यानं दोघींच्या वाटणीचा खाल्ला. "बर्फाला कशाला घाबरता? कोळसा श्वासात घेतलाय आम्ही," म्हणाला. त्याची जीभ रात्रभर जांभळी होती.

रंगाचंही सांगते. 2024 च्या फेब्रुवारीत तामिळनाडू आणि पुदुच्चेरीनं कापसासारख्या गुलाबी मिठाईवर बंदी घातली, आपल्याकडे जिला 'बुढ्ढी के बाल' म्हणतात तिच्यावर. नमुन्यांत रोडामाइन-बी नावाचा कापड रंगवायचा रंग सापडला होता. तेव्हा अंधारातही चमकणारा रंग दिसला, की जरा थांबा.

थांबा पाचवा: मटका कुल्फी, 40 रुपये

कुल्फीवाले भैया राजस्थानातल्या भिलवाड्याकडचे. उन्हाळ्याआधी येतात, पहिल्या पावसाला परततात. त्यांच्या मोठ्या मटक्यात बर्फाचे तुकडे, वर खडेमीठ आणि त्यात उभे केलेले पत्र्याचे साचे.

"भैया, नमक क्यों डालते हो?"

"नमक से बर्फ और ठंडा होता है, दीदी."

अकरावीच्या केमिस्ट्रीत हेच दहा मार्कांना होतं आणि मला तीन मिळाले होते. मीठ मिसळलं की बर्फ शून्य अंशाखालीही वितळत राहतो आणि वितळण्यासाठी लागणारी उष्णता साच्यातल्या दुधातून ओढून घेतो. मीठ-बर्फाचं मिश्रण उणे 21 अंशांपर्यंत जाऊ शकतं. म्हणून वीज नसलेल्या गाडीवरही कुल्फी दगडासारखी राहते.

आणि इथेच माझ्या डोक्यात ट्यूब पेटली. इथेही बर्फ होता, कदाचित गोळ्याच्याच फॅक्टरीतला. पण तो साच्याच्या बाहेर होता. आतमध्ये होतं तासन्‌तास आटवलेलं, म्हणजेच भरपूर उकळलेलं दूध. साचा झाकलेला. भैयांनी तो पाण्यात क्षणभर बुडवला आणि उघडण्याआधी फडक्यानं पुसला. गोळ्यात बर्फ आपण खातो, कुल्फीत बर्फ फक्त नोकरी करतो. सगळ्या रात्रीचा प्रश्न या एका ओळीत बसला: बर्फ आत की बाहेर?

कुल्फी मी खाल्ली. वर्षभरानंतर गाडीवरचा पहिला पूर्ण पदार्थ. वेलची, किंचित केशर, दाताला लागणारा खवा. डोळ्यांत पाणी आलं. थंडीमुळे हो, बाकी काही नाही.

थांबा सहावा: फालुदा, 70 रुपये

फालुदा हा बजेटचा राजा, म्हणून एकच घेतला आणि तीन चमचे मागितले. शेवया, भिजवलेला सब्जा, गुलाबाचं सरबत, दूध, वर आईस्क्रीमचा गोळा. मूळचा इराणचा, तिथल्या 'पालुदे'चा नातेवाईक. सजावट भारी, चव इतकी गोड की तिसऱ्या चमच्याला थकायला होतं.

एकच टीप. वर येणारं 'आईस्क्रीम' प्रत्येक वेळी आईस्क्रीम नसतं. नियमाप्रमाणे साध्या आईस्क्रीममध्ये किमान 10 टक्के दुधाचं स्निग्ध असावं लागतं. वनस्पती तेल वापरलं असेल तर डब्यावर 'फ्रोझन डेझर्ट' लिहिलेलं असतं. विष नाही ते, पण आपण कशाचे पैसे देतोय ते कळलेलं बरं. डबा गाडीवरच असतो. वाचा की.

थांबा सातवा: पन्हं, 20 रुपये

आर्णी रोडला अगदी कडेला, दिव्यांची माळ नसलेली गाडी होती. एक काकू, दोन मोठे माठ, ओलं फडकं गुंडाळलेले. पाटी नाही. गर्दी नाही. आम्ही जवळपास पुढे निघून गेलो होतो. पुसदचीला उकडलेल्या कैरीचा वास आला म्हणून थांबलो.

"काकू, पाणी कुठलं?" प्रश्न आता सवयीनंच बाहेर पडला.

"घरचंच. सकायी पाचले चुलीवर उकयतो, मंग माठात टाकतो. कैऱ्या वेगया उकडतो. गूळ, विलायची, मीठ. झालं."

"आणि बर्फ?"

"बर्फ कायले? माठ आहे नं."

खरंच की. माठाला बारीक छिद्रं असतात. पाणी झिरपतं, वाऱ्यानं त्याची वाफ होते आणि आतलं पाणी थंड होतं. हवा जितकी कोरडी तितका माठ चांगला. दमट मुंबईत तो कंटाळतो, आपल्या वैदर्भीय उन्हाळ्यात मात्र जोरात चालतो. कूलरचंही तत्त्व हेच. म्हणजे ज्या कोरड्या हवेला आपण दिवसभर शिव्या घालतो, तीच रात्री काकूंचं पन्हं फुकटात थंड करत होती.

काकूंनी लांब दांड्याच्या ओगराळ्यानं पन्हं काढलं, हात आत गेला नाही. कागदी कप. पहिला घोट आंबट, मग गुळाचा गोडवा, शेवटी वेलची. अक्षय तृतीयेला आजीकडे असंच पन्हं असायचं आणि शेजारी चिंचवणी. त्या दिवशी पूर्वजांच्या नावानं पाण्यानं भरलेली घागर ठेवतात आणि देतात. आपल्याकडे उन्हाळ्यात पाणी देणं हे पुण्य. पाणपोईवर कोणी 'पाणी कुठलं' असं विचारत नसे, कारण देणारा माहीत असायचा. नियम मोडला. एक कप तिघांत नाही, तिघांनी तीन कप घेतले.

गप्पांत कळलं ते असं. दुपारी तीन वाजता, आपण कूलरसमोर असतो तेव्हा, काकू कैऱ्यांचा गर काढत असतात. संध्याकाळी मुलगा स्कुटीवरून माठ आणि पाण्याचे कॅन आणून देतो, कारण जवळपास कुठे नळ नाही. रात्री 11 ला घर. सकाळी पाचला पुन्हा चूल. 20 रुपयांच्या कपात हे सगळं आहे, बर्फ सोडून.

"पेपरात लिहितो काकू तुमच्यावर. नाव काय लिहू?" वणीच्यानं विचारलं.

"नाव नको टाकू बाप्पा. उद्या कोनी गाडी उचलून नेली तं?"

त्यांच्या या भीतीवर खरं तर 2014 चा एक कायदा आहे, पथविक्रेत्यांच्या उपजीविकेच्या संरक्षणाचा. त्यात विक्रेत्याला प्रमाणपत्र द्यायची तरतूद आहे, गाड्यांच्या जागा ठरवणारी शहर विक्रेता समिती आहे आणि त्या समितीत किमान 40 टक्के प्रतिनिधी स्वतः विक्रेते असले पाहिजेत, त्यातही एक तृतीयांश महिला. काकूंना यातलं काही माहीत नव्हतं. मलाही त्या रात्रीपर्यंत नव्हतं. घरी येऊन वाचलं.

हिशोब

रस 20, सोडा 20, मठ्ठा 15, गोळा 30, कुल्फी 40, फालुदा 70, पन्हं 60. एकूण 255. उरले 45, ते वणीच्याच्या पेट्रोलला.

पण खरा हिशोब वेगळा. मी घरून निघाले होते ते 'कोणत्या गाडीवर जायचं आणि कोणत्या नाही' याची यादी करायला. यादी झालीच नाही. कारण प्रश्न गाडीचा नव्हता, पाण्याचा होता. 2018 च्या उन्हाळ्यात या शहराच्या नळांना कित्येक दिवस पाणी नव्हतं. निळोणा आणि चापडोह धरणं आटली होती, आम्ही शाळेतली पोरं टँकरच्या रांगेत कळश्या घेऊन उभी होतो. पाणी म्हणजे काय, हे यवतमाळकरांना कोणी शिकवायला नको. तरी रात्री गार ग्लास हातात आला की आपण सगळं विसरतो.

मला वाटतं, दोन गोष्टी मागायला हव्यात. जिथे रोज रात्री 20-30 गाड्या उभ्या राहतात, तिथे पिण्याच्या पाण्याचा एक नळ. आणि बर्फाच्या लादीसोबत एक चिठ्ठी, की पाणी कुठलं आणि तपासलं कधी. पहिल्यानं बादलीतले ग्लास सुटतील, दुसऱ्यानं गोळ्यावाल्या भाऊंना माझ्या प्रश्नाचं उत्तर देता येईल. त्या दिवशी मी गोळा खाईन. कालाखट्टा, डबल.

हे लिहीपर्यंत त्या रात्रीला तीन आठवडे झालेत. तिघंही ठणठणीत आहोत. 50 दिवस व्हायचेत, त्यामुळे आई अजून रोज सकाळी माझे डोळे खाली ओढून बघते. मी तिला सांगितलंय, रविवारी तुला आर्णी रोडला नेणार आहे. ती 'बघू' म्हणाली. आमच्या घरात 'बघू' म्हणजे जवळपास 'हो'.

निघताना काकू म्हणाल्या होत्या, "छापून आलं तं पेपर आणून देजो व." तो घेऊनच जाणार आहोत. नाव नाही टाकलं काकू, शब्द पाळला.

ऑर्डर देण्याआधी

- बर्फ आत की बाहेर? बर्फ पेयात मिसळला जात असेल तर 'बिना बर्फाचं' मागा. रस, सोडा, पन्हं बर्फाशिवायही चालतं.
- निळसर बर्फ दिसला तर तो खायचा नाही. बिनरंगी म्हणजे मात्र आपोआप शुद्ध, असंही नाही.
- ग्लास बघा. बादलीत बुचकळलेला ग्लास नको. कागदी कप किंवा स्वतःची बाटली बरी.
- उकळलेलं ते भलं. आटवलेल्या दुधाची कुल्फी, उकडलेल्या कैरीचं पन्हं, आणि थंडच पाहिजे असं नसेल तर सरळ चहा.
- नोंदणी क्रमांक. लहान खाद्यविक्रेत्यांचीही एफएसएसएआयकडे नोंदणी होते, क्रमांक 14 अंकी असतो. लावलेला दिसला तर चांगली खूण.
- लस. हिपॅटायटिस ए आणि टायफॉईड दोन्हींवर लस आहे. हॉस्टेल आणि मेसवाल्यांनी डॉक्टरांना एकदा विचारा.
- विचारा, पण नीट. 'भाऊ', 'काकू' म्हणून विचारलं की कोणी रागावत नाही. आम्हाला सात गाड्यांवर सात उत्तरं मिळाली, ओरडा एकदाही नाही.